उजनी सध्या किती टक्के?

आमच्या घरात सहल आधी व्हॉट्सॲपवर ठरते, मग फोनवर मोडते आणि शेवटी जेवणाच्या टेबलावर भांडून पुन्हा ठरते. या खेपेला मुलीने एक्सेलची शीटच करून पाठवली. पहाटे साडेचारला घर सोडायचं, साडेसहाला होडी, नऊला नाश्ता, दहाला पळसदेव, बाराला मासळी थाळी, दोनला इंदापूर, चारला पुन्हा होडी. हे सगळं उरकून रविवारी रात्री घरी. म्हणजे आराम करायला सोमवारी ऑफिसात जायचं!

उजनी सुचवली मामाने. मामा मालवणचा. गुडघ्याच्या उपचारांसाठी पुण्यात आमच्याकडे राहायला आलेला. समुद्र नाही, बाजारातल्या पापलेटाला चव नाही आणि संध्याकाळी करायला काही नाही, अशा तीन तक्रारी तो रोज आळीपाळीने करायचा. उजनीकाठच्या भिगवणला मोठं पाणी आहे, मासे आहेत, असं त्याने कुणाकडून तरी ऐकलं आणि सामानातून तंगूस, गरी, शिशाचे तुकडे असा खजिना बाहेर काढला. गरवायला जायचं, बस्स! मुलीला फ्लेमिंगो हवे होते. नवऱ्याला झोप हवी होती. मला दोन दिवस स्वयंपाक नको होता. चौघांच्या चार मागण्या एकाच पाण्याकाठी पुऱ्या होणार असतील तर वाईट काय?

पण त्या शीटमध्ये उजनीचं पाणी किती टक्के आहे हेच नव्हतं, आणि उजनीला जायचं तर पहिली चौकशी त्याचीच करायची असते. भीमेवरचं हे धरण सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात आहे. 1980 साली ते पूर्ण झालं. जलाशयाला यशवंतसागर म्हणतात. पाण्याचा फुगवटा मागे इंदापूर, करमाळा, कर्जत, दौंडपर्यंत पसरतो. एकूण साठा 117 टीएमसीच्या घरात, पण त्यातला 63 टीएमसीहून अधिक साठा मृत धरला जातो. टक्केवारी मोजतात ती वरच्या 53 टीएमसीची. म्हणून शून्य टक्के म्हणजे धरण कोरडं असं नाही, आणि म्हणूनच उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये’ अशी बातमी येते. 2024 च्या उन्हाळ्यात ती उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेली होती.

सहलीला जाणाऱ्याला या आकड्याशी काय करायचं, तर बरंच काही. धरण तुडुंब असलं की पाणी थेट शेतांच्या कडेला भिडतं आणि फ्लेमिंगोला उभं राहायला जागाच उरत नाही. त्याला गुडघाभर पाणी आणि खाली चिखल लागतो. मान खाली घालून, चोच उलटी करून तो चिखलपाण्यातून आपलं खाणं गाळून घेतो. पाऊस चांगला झाला तर डिसेंबरात जाऊन हात हलवत परत यायची पाळी येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी ओसरून दलदल उघडी पडली की थवे उतरतात. उलट पळसदेवचं बुडालेलं पळसनाथाचं देऊळ पाहायचं तर पाणी पार तळाला जावं लागतं, म्हणजे ऐन उन्हाळा. त्या दिवसांत होडी चिखलात रुतते आणि ऊन डोक्यात जातं. पक्षी आणि देऊळ दोन्ही एका फेरीत मनासारखं मिळणं कठीण. आमचा महिना फेब्रुवारी होता. शीटमधून मी पळसदेव उडवलं. मग इंदापूर उडवलं. दुपारची होडीही उडवणार होते, पण ते काम होडीवाल्यानेच केलं.

त्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, “ताई, दुपारनंतरचं नका सांगू. वारं सुटायच्या आत माघारी यायचं. सकाळचं सहाला या, नऊ-साडेनऊला काठावर सोडतो.”

या वाक्यावर मी त्याचीच होडी पक्की केली. 21 मे 2024 ला कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात याच पाण्यात उलटली आणि सहा जण बुडाले. ते कुणी सहलीला आलेले नव्हते. अलीकडून पलीकडे जायला रस्त्याने केवढा तरी वळसा पडतो, म्हणून माणसं होडीने जातात. आपल्यासाठी ते नुसतं ‘बॅकवॉटर’ असतं. तिथल्या लोकांचा तो रस्ता आहे, शेत आहे, आणि आधीच्या पिढीचं गाव त्याच्या तळाशी आहे. लाइफ जॅकेट आहेत का, हे मी विचारलं. “हायती की. पण लोकं फोटोत बरं दिसत न्हाई म्हणून काढून ठेवत्यात,” असं उत्तर आलं.

शनिवारी जेवून आरामात निघालो. पहाटे साडेचारचा हट्ट सोडल्यामुळे निघताना कुणी कुणावर खेकसलं नाही, हीच अर्धी सहल. हडपसर, लोणी काळभोर, यवत, पाटस करत सोलापूर रस्त्याने भिगवण शंभरेक किलोमीटर. तिथून आत कुंभारगावकडे वळलं की उसाच्या मधूनमधून पाणी दिसायला लागतं. मुक्काम एका मच्छीमार कुटुंबाच्या घरगुती खोल्यांत. स्वच्छ गाद्या, पत्र्याची शेड, अंगणात सुकत घातलेली जाळी. एसी नाही. संध्याकाळी चिलटांचे ढग येतात. ओडोमॉस विसरू नका.

नवरा चार वाजता बाजेवर आडवा झाला तो दिवेलागणीला उठला. मामा खुर्ची घेऊन काठावर. इथे गळ टाकला तर चालेल ना, हे घरमालकाला आधी विचारून घेतलं होतं. मासेमारीवर ज्यांचं पोट आहे त्यांच्या पाण्यात आपण हौशी माणसं. विचारायला जीभ झिजत नाही. घरमालक हसला. कणकेचा गोळा गरीला लावायचा सल्लाही त्यानेच दिला. मामाला तो सल्ला अपमानासारखा वाटला.

“माशाला कणीक? हे काय देवळातलं तळं आहे?” मामा.

“मामा, लावून तर बघ.”

लावली. तासाभरात तळव्याएवढी एक चिलापी लागली. मामाने ती उलटीपालटी करून पाहिली, हुंगली आणि पाण्यात सोडून दिली. “गोड्या पाण्यातला मासा. माती लागणार,” एवढं बोलून त्याने पुन्हा कणीक लावली आणि अंधार पडेपर्यंत तो जागचा हलला नाही. महिनाभरात पहिल्यांदाच तो इतका वेळ गप्प होता.

पाण्याबद्दल स्पष्ट लिहायला हवं. ते हिरवं आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून इथे येतं. काठाला शेवाळाची साय दिसते, वारा फिरला की वासही येतो. पोहायचा विचार मुलीने बोलून दाखवला तेव्हा घरमालकीणबाईंनीच तिला अडवलं. खाली गाळ, मध्ये जाळी, वर हे पाणी. आम्ही पुणेकर आपलंच पाणी बघायला शंभर किलोमीटर आलो होतो, हे कुणी बोललं नाही, पण मला त्या संध्याकाळी ते टोचत राहिलं.

जाळी संध्याकाळी लावतात आणि पहाटे उचलतात. त्यामुळे इथला खरा दिवस पहाटेच सुरू होतो आणि आपण दहाला उठलो तर सगळं संपलेलं असतं. सहाला आमची होडी निघाली तेव्हा दुसऱ्या होड्या परतत होत्या. एक होडी आमच्या अगदी शेजारी थांबली. त्यात नवरा-बायको दोघं. ती वल्हं धरून होडी स्थिर ठेवत होती, तो जाळ्यातून मासे सोडवत होता. चिलापीच्या पाठीवरचे काटे सुईसारखे. तो अंगठ्याने डोक्याकडून शेपटीकडे दाबत ते आडवे करायचा, मग कल्ल्यात अडकलेला दोरा बोटाने उचलून मासा पुढच्या बाजूने ओढून काढायचा. एका माशाला दोन-तीन सेकंद. बोटं भेगाळलेली, पण एकही दोरा तुटत नव्हता. टोपलीत एक मरळ जिवंत वळवळत होती, तिला वेगळं पाणी होतं. जिवंत मरळीला भाव चांगला. बाकी सगळी चिलापी, आणि तळाशी बोटभर लांबीचा चुरा.

“एवढी बारीक कशाला धरता?” मामाने विचारलंच.

“आमच्या जाळ्यात न्हाई येत, काका. चुकून दोन-चार. वडाप जाळी लावणारे हायत ना, ते मच्छरदाणीसारखं ओढत्यात. पिल्लं गेली तर उद्या काय धरायचं?”

मामा एकदम समुद्रावर गेला. तिकडची पर्ससीन जाळी, एलईडीचे दिवे, त्यावरची भांडणं. काठापासून काठापर्यंत दोघांची तक्रार एकच निघाली आणि मुलीचे फ्लेमिंगो थोडा वेळ थांबले. ही चिलापी मुळात आफ्रिकेतली; तिची एक जात भारतात 1952 साली आणली गेली. मादी अंडी तोंडात सांभाळते, मासा कसल्याही पाण्यात तगतो, झपाट्याने वाढतो. कटला-रोहूला विणीसाठी पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं, म्हणून धरणात त्यांचं बीज सोडावं लागतं. न सोडता टिकते ती चिलापी.

फ्लेमिंगो दिसले. दूरवर चिखलाच्या पट्टीवर शेकडो, सगळ्यांच्या माना खाली. होडीवाल्याने मोटर बंद करून वल्ह्यावर घेतलं आणि बऱ्याच अंतरावर थांबला. तेवढ्यात दुसरी एक होडी थेट थव्यात घुसली, कारण त्यातल्या साहेबांना उडतानाचा फोटो हवा होता. थवा उठला. पंखांखालचा लाल-काळा रंग उलगडला आणि फोटो सगळ्यांनाच मिळाला, मुलीलासुद्धा. तिने तो नंतर कुणाला पाठवला नाही. चित्रबलाक, पट्टकदंब, नदीसुरय, एक मोरघार असं बाकीचंही पुष्कळ होतं. कुरवांना फरसाण उधळणारी मंडळीही होती. शेव खाणारा कुरव बघायला पुण्याहून इथे कशाला यायचं?

साडेनऊला काठावर. त्यानंतर शीटमध्ये काहीच नव्हतं, आणि ते मी मुद्दाम केलं होतं. पोहे, आंघोळ, पुन्हा झोप. दुपारी घरमालकीणबाईंनी चिलापीला खोल चिरा देऊन, हळद-मीठ, लसूण आणि लाल तिखट चोळून लोखंडी तव्यावर तळली. सोबत काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा आणि ज्वारीची भाकरी. मामाने कोकमाची चौकशी केली. नाही म्हटल्यावर सुस्कारा टाकला आणि तीन तुकडे खाल्ले. माती लागली का, असं मी विचारलं नाही.

तुम्ही जाणार असाल तर जाण्याआधी पेपरात उजनीची टक्केवारी बघा, रविवारपेक्षा मधला वार काढता आला तर काढा, जॅकेट न घालता होडीत बसू नका. आणि भिगवणच्या कुठल्याही हॉटेलात ताटात बोटभर चिलापीचा कुरकुरीत ढीग आला, तर तो परत पाठवा आणि का पाठवला ते सांगा.