घुमटाखालचा काळा पट्टा

सिंगापूरची हाजी लेन सध्या तरुणांच्या फार आवडीची. गल्ली एवढीशी, भिंतींवर भडक चित्रं, कपड्यांची चिमुकली दुकानं, कॉफी, आणि रात्री गाणंबजावणं नि दारूसुद्धा. नाव हाजी आणि हे असं! मला काही रुचलं नाही.

हा भाग कम्पोंग ग्लामचा. १८२२ च्या नगर-आराखड्यात तो मलय सुलतान, अरब आणि बुगी लोकांसाठी ठेवला होता. पुढे आसपासच्या बेटांवरचे लोक हजला जाताना बोटीची वाट पाहत इथेच मुक्काम करीत, आपल्याकडे मुंबईच्या मुसाफिरखान्यात करायचे तसा.

"खाला, जुनं आता फक्त पाटीवर उरलंय," भाची म्हणाली. मी तिला शेजारच्या सुलतान मशिदीकडे नेलं. ही इमारत १९३२ साली पूर्ण झाली. सोनेरी घुमटाच्या तळाशी काळा पट्टा दिसतो, तो काचेच्या बाटल्यांच्या बुडांचा आहे. श्रीमंतांनी पैसे दिले. गरिबांनाही या कामात वाटा मिळावा म्हणून त्यांच्याकडून बाटल्या घेतल्या. रंगवलेल्या भिंतींचे भाचीने ढीगभर फोटो काढले होते. म्हटलं, बेटा, आता एक त्या बुडांचाही काढ, अस्रची वेळ होतेय.