दोन लिटरचं माप

रानोमाळ भटकणाऱ्यांमध्ये युनिमॉग या जर्मन गाडीला देवासारखं मानतात. तिच्या मूळ आराखड्यात डाव्या आणि उजव्या चाकांमधलं अंतर १२७० मिलिमीटर धरलं होतं आणि ते ठरलं होतं बटाट्यांवरून. शेतातल्या बटाट्याच्या दोन ओळी मधे मावाव्यात, एवढाच हिशोब. महायुद्ध नुकतंच संपलं होतं, जर्मनीला अन्न हवं होतं. १९४८ साली कारखान्यातून बाहेर पडू लागलेलं हे यंत्र शेतीसाठी होतं. सैन्यानं ते नंतर उचललं आणि पाठीवर घर बांधून वाळवंटं ओलांडणारे हौशी लोक त्याच्याही नंतर आले.

मला ही गोष्ट फार आवडते. गाडी निवडणाऱ्यानं पहिला प्रश्न कोणता विचारावा, ते तिच्यातून कळतं. इंजिन केवढं, चाकं केवढी, हे मागाहून. आधी, माप कशाचं?

आम्ही नवरा-बायको गेलं दीड वर्ष गाडी निवडत होतो. डांबर संपल्यावरही पुढे जाईल आणि आठ-दहा दिवस कुणाकडे पाणी, वीज, छप्पर मागावं लागणार नाही, अशी. आम्ही बडोद्याचे. घरात मराठी, बाजारात गुजराती, अशा चार पिढ्या गेल्या. नोकरी मी वीज खात्यात केली. कच्छचं रण इथून एका दिवसावर. पण ते आम्ही पाहिलं ते रणोत्सवाच्या तंबूतून, गर्दीसोबत. निवृत्तीनंतर सावकाश जायचं, मुक्काम करत जायचं, असं ठरलं होतं. त्याच वर्षी हिची मूत्रपिंडं थकली.

रक्ताचं डायलिसिस म्हणजे आठवड्यातून तीनदा, चार-चार तास केंद्रावर. हिनं दुसरा मार्ग घेतला, पोटाच्या डायलिसिसचा. पोटात एक बारीक नळी कायमची बसवलेली असते. तिच्यातून दोन लिटर औषधी पाणी आत सोडायचं, काही तास ठेवायचं, मग ते बाहेर काढून नवीन भरायचं. दिवसातून चार वेळा, दर वेळी अर्धा-पाऊण तास. खोली बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क, हात कोपरापर्यंत धुतलेले. यंत्र लागत नाही. भरलेली पिशवी वर टांगायची, रिकामी जमिनीवर ठेवायची. बाकीचं काम गुरुत्वाकर्षण करतं.

म्हणजे आमचं माप ठरलेलंच होतं : दोन लिटरची पिशवी.

दिवसाला चार पिशव्या, आठ लिटर. दहा दिवसांचे ऐंशी लिटर, खोकी धरून शंभर किलोच्या घरात. त्यात प्यायचं, स्वयंपाकाचं, धुण्याचं पाणी माणशी रोज दहा लिटर धरलं तर आणखी दोनशे किलो. शिवाय पोटातून निघालेलं पाणी रस्त्याकडेला ओतता येत नाही. ते टाकीत साठवून संडासातच रिकामं करायचं. इतरांची गाडी प्रवासात दिवसेंदिवस हलकी होत जाते. आमची जवळजवळ तेवढीच राहणार.

माझं मन तेव्हा मोठ्या ट्रकवर होतं. सैन्याच्या लिलावात जुने शक्तिमान कधीमधी निघतात, जबलपूरच्या कारखान्यात जर्मन परवान्यानं बनलेले. त्यांचं ते उंच, खडबडीत रूप पाहिलं की कोणाचाही जीव गुंतेल. नवा मध्यम ट्रक घेतला तरी हलक्या वाहनाच्या परवान्याला साडेसात हजार किलोपर्यंत मुभा आहे. तेवढ्यात सगळं सुखानं बसतं. अडचण रस्त्यानं काढली. रण हिवाळ्यात दिसतं कोरडं, पण वरचा मिठाचा थर पापडाइतका, आणि खाली पावसाळ्यातला चिखल तसाच ओला. टायरमध्ये जितका दाब, साधारण तितकाच दाब तो जमिनीवर देतो. हलक्या गाडीच्या टायरमधली हवा निम्म्यावर आणली की तिचं पाऊल पसरतं आणि ती पापडावरून निघून जाते. सात टनांच्या गाडीला टायर उचलून धरायलाच जास्त हवा लागते. ती पापड फोडते. आणि रुतलेला सात टनांचा ट्रक काढायला दुसरा ट्रक लागतो. तो बोलवावा लागला, तर कसलं स्वयंपूर्ण?

म्हणून चारही चाकांना जोर देणाऱ्या पिकअपवर घर बांधायचं, इथवर आलो. आता घर कसलं, हा प्रश्न होता.

एका मोठ्या शहरात असली घरं बांधणारा कारखाना आहे. तिथल्या तरुणानं आम्हांला फार आपुलकीनं सगळं दाखवलं. छप्पर वर उचललं की कापडी भिंतींची खोली तयार होते. खाली केलं की गाडी बुटकी होऊन वाऱ्याला अडत नाही. पडद्यामागे रंग बदलणारे दिवे. मागचं दार उघडलं की ओटा बाहेर सरकतो, तारे बघत स्वयंपाक करा. मी हरखून बघत होतो. हिनं आत जाऊन बाकावर बैठक मारली, डोक्यावर हात उंचावून कापड चाचपलं आणि विचारलं, ‘‘इथे पिशवी कशाला टांगू?’’

तरुण गोंधळला. तिनं समजावून सांगितलं. मग दुसरा प्रश्न. ‘‘दार मागे आहे ना? मग कच्च्या रस्त्यावरची धूळ कुठून येते आत?’’

हा प्रश्न मीही कधी विचारला नव्हता. तिला तो सुचला स्वयंपाकघराच्या खिडकीवरून. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो; उडालेली धूळ तिथे भोवऱ्यासारखी फिरते आणि मागच्या दाराच्या फटींतून आत ओढली जाते. दार बाजूला असलं तर त्रास पुष्कळ कमी. घरात गाळलेली हवा पुढून भरत ठेवली, आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त राहिला, तर धूळ शिरतच नाही. सहारात जाणारे हे आपल्या फुप्फुसांसाठी करतात. हिच्या बाबतीत धुळीचा कण नळीच्या तोंडापाशी गेला तर पोटाच्या आवरणाला संसर्ग होऊ शकतो, आणि त्यावर ही पद्धतच सोडावी लागण्याची पाळी येते. कापडी छप्पर आणि मागचं दार, दोन्ही तिथल्या तिथे बाद झाली.

ताठ भिंतींची पेटी घ्यायची, तर तिचं दुखणं वेगळं. पिकअपची खालची चौकट शिडीसारखी असते. एक चाक खड्ड्यात आणि तिरक्या बाजूचं दगडावर गेलं की ती पिळते. तिनं पिळायलाच हवं. त्यामुळेच चाकं जमीन धरून राहतात. घराची पेटी मात्र पिळत नाही. दोघांना बोल्टनं घट्ट जखडलं, तर कधी तरी पेटीचे कोपरे उकलतात, खिडक्यांशी भेगा पडतात. भेग म्हणजे पुन्हा धूळच. म्हणून मधे एक तिसरी चौकट घालतात. ती तीन किंवा चार ठिकाणी टेकते आणि त्यातले काही सांधे फिरते असतात. खालचं अंग हवं तसं वळवळतं, वरचं घर स्वस्थ बसतं. गाडी उभी असताना हा भाग दिसत नाही. पैसे मात्र इथेच घालवावेत, असं माझं मत झालं आहे. आणखी एक : मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल चालत नाही आणि कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. ओळखीच्या गॅरेजवाल्याचा बेत त्यामुळे सोडून दिला.

विजेचा हिशोब तेवढा माझा. पिशवी पोटात सोडण्याआधी अंगाइतकी कोमट करावी लागते, तीही कोरड्या उष्णतेनं. दोन लिटर पाणी वीस अंशांवरून सदतीसवर न्यायला चाळीस वॅट-तास लागतात. गरम पॅडमधून हवेत जाणारं धरून मी ऐंशी घेतले. चार वेळचे तीनशे वीस. छोट्या फ्रिजचे पाचशे. दिवे, फोन, हवेचा पंखा मिळून दोनशे. म्हणजे दिवसाला जेमतेम एक युनिट. छपरावर चारशे वॅटची सौर पाटी, खाली दोनशे अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी, म्हणजे अडीच युनिटांचा साठा. दोन दिवस ऊन नाही पडलं तरी पिशव्या गरम होतील. लेह-लडाखला जायचं असतं तर हा हिशोब बदलला असता. ही बॅटरी शून्याखालच्या थंडीत चार्ज करता येत नाही, तिलाही ऊब द्यावी लागते. पण डॉक्टरांनी उंचीला साफ नकार दिला होता. नकाशाचा वरचा भाग आम्ही दुमडून ठेवला.

कागदावर हे आकडे मांडत असताना एक गोष्ट ध्यानात आली. माहितीपत्रकांत ‘एकवीस दिवस स्वयंपूर्ण’ असं मोठ्या अक्षरांत छापतात, जणू कुणाचीच गरज उरणार नाही. ही मात्र तीन वर्षं आमच्या मागच्या खोलीत रोज तेच करते आहे आणि तिच्या वहीत नेमकी गरजेचीच नोंद आहे. किती आत गेलं, किती बाहेर आलं, वजन, रक्तदाब, शिल्लक खोकी. कुठली वस्तू किती दिवस पुरेल, आणि संपायच्या किती आधी कुणाला फोन करायचा. स्वयंपूर्ण असणं म्हणजे काही न लागणं नव्हे. आपल्याला काय लागतं ते तंतोतंत माहीत असणं आणि त्याचं ओझं आधीच उचललेलं असणं. मला हे गाडीच्या निमित्तानं कळलं. तिला कळण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

त्या वहीत एक ओळ तांबड्या शाईनं आहे : बाहेर आलेलं पाणी गढूळ दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. म्हणून पहिल्या प्रवासाचं ठिकाणही तिनंच निवडलं. धोलावीरा. आता खावड्याहून रणातून थेट रस्ता झाला आहे, त्यामुळे तिथून भूज दीडशे किलोमीटरच्या आत येतं. हडप्पा काळातल्या त्या नगरानं मानसर आणि मनहर या पावसाळी ओढ्यांचं पाणी बांध घालून वळवलं, खडकात आणि दगडी बांधकामात प्रचंड टाक्या केल्या आणि चहूकडे मीठ असताना शतकानुशतकं गोड्या पाण्यावर नांदलं. २०२१ साली जागतिक वारशाच्या यादीत नाव गेल्यापासून तिथे माणसं वाढली आहेत. पण हिला बघायच्या आहेत त्या टाक्या. ‘‘त्यांचाही हिशोब पक्का असणार,’’ म्हणाली.

गाडी बांधायला दिली आहे. पेटी ताठ, दार बाजूला, मधे फिरत्या सांध्यांची चौकट. पाणी दोनशे लिटर, मळक्या पाण्याची टाकी शंभरची. मुक्काम सहा रात्रींचा, पिशव्या आठ दिवसांच्या. परवा कारखान्यातून फोन आला, हूक किती उंचीवर लावायचा म्हणून. मी माहितीपत्रक शोधायला लागलो.

‘‘अहो, त्यात नसतं ते,’’ ही म्हणाली. खोलीत जाऊन नेहमीच्या खुर्चीवर बसली, भिंतीवरच्या खिळ्यापर्यंत मोजपट्टी धरली, आणि आकडा तिनंच सांगितला.