ग् आणि म यांची फारकत

भजनी मंडळात मी पेटी वाजवतो. एखादी चीज आवडली की ती वहीत उतरवून ठेवायचा छंद आहे, आणि तीही पलुसकर लिपीत. आता बहुतेक ठिकाणी भातखंड्यांची लिपी चालते. पण विष्णु दिगंबर पलुसकर १८७२ साली जन्मले ते आमच्या कुरुंदवाडात, तेव्हा एवढा हट्ट गावकऱ्याला शोभतो. वह्यांचा ढीग झाला. २०१९च्या महापुरापासून पंचगंगा फुगायला लागली की कपड्यांआधी वह्या माळ्यावर चढतात. ते बघून भाची म्हणाली, "मामा, ॲप करा की." म्हटलं, तूच कर. "शिकवते. करायचं तुम्ही."

फ्लटर नावाचं साधन तिनं लॅपटॉपात घालून दिलं. त्याची भाषा डार्ट. त्यात अक्षर म्हणजे विजेट, बटण म्हणजे विजेट, आणि दोन बटणांमधली रिकामी जागा, तीही विजेटच! जागा रिकामी ठेवायलासुद्धा लिहावं लागतं, हे पचायला वेळ लागला.

खरी गंमत पुढे. पलुसकर लिपीत कोमल स्वराचा पाय मोडतात. मालकंसात कोमल गंधारानंतर मध्यम येतो. एका मात्रेत दोघांना शेजारी टाइप केलं, तर पडद्यावर ‘ग्म’ असं जोडाक्षर! पाय मोडलेलं अक्षर पुढच्याला जोडायचं, एवढंच फोनला ठाऊक. वहीत हा प्रश्न कधी आलाच नव्हता. भाचीनं एक अदृश्य चिन्ह दाखवलं. त्याला रुंदी नाही, काम एकच: दोन अक्षरांना जुळू न देणं. ते मध्ये घातल्यावर ग् आणि म सुटे झाले. तार सप्तकासाठी डोक्यावर उभी रेघ लागते; ती युनिकोडात वेदपठणाच्या स्वरचिन्हांमध्ये सापडली. स्वराखालच्या मात्रांच्या खुणा मात्र, एका मात्रेची आडवी रेघ, अर्धीचं शून्य, कशाच जागेवर बसेनात.

शेवटी अक्षरं टाइप करायचंच सोडलं. कोणता स्वर, शुद्ध की विकृत, कोणतं सप्तक, किती मात्रा, एवढंच यंत्राला सांगायचं. चित्र त्यानं काढायचं, प्रत्येक स्वर आपापल्या चौकटीत. लहानपणी नरसोबावाडीच्या दत्तजयंतीत फटाक्यानं डोळे अधू झालेल्या पलुसकरांनी गाणं कागदावर आणायची पद्धत बसवली; चांगली नजर असून मला ती पडद्यावर आणताना घाम फुटला.

यातून न मागितलेला फायदा झाला. पलुसकरांकडे स्वरावरचं टिंब म्हणजे मंद्र, भातखंड्यांकडे तेच टिंब म्हणजे तार. आमच्या मंडळातला एकजण भातखंडे पद्धतीत शिकलेला; माझ्या पडद्यावरून गाताना त्यानं मंद्र निषाद थेट वरच्या सप्तकात नेला. तबलजी हात थांबवून बघतच राहिला. आत आता स्वरच साठवलेले असल्यामुळे एक बटण ठेवलं: दाबलं की लिपी बदलते. माझ्या मते ॲपमध्ये कामाची गोष्ट ती एकच, बाकी सजावट.

प्ले स्टोअरची पायरी वेगळीच. नव्या वैयक्तिक खात्याला ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस चाचणीत राहावं लागतं. मंडळात माणसं भरपूर, पण निम्म्यांना स्वतःचा ईमेल पत्ता आठवेना. शिवाय गोपनीयतेचं धोरण लिहून द्यायचं, ॲप कुणाची काहीच माहिती घेत नसलं तरी. "काही घेत नाही" हे सांगायला पानभर मजकूर लागला.

चाचणी सध्या चालू आहे. गूगलची नोंदणी एकदाच २५ डॉलर, ॲपलची दरवर्षी ९९. त्यामुळे आयफोनवाल्यांनी तूर्त कुरुंदवाडला यावं आणि वही वापरावी. पावसाळ्यात आलात तर माळ्यावर चढावं लागेल.