निळ्या पेटीचे गाव

वेल्सची राजधानी कार्डिफ हे मुळात कोळशाचे बंदर. दक्षिण वेल्सच्या दऱ्याखोऱ्यांतून निघालेला कोळसा येथील गोद्यांतून जगभर जात असे. १९१३ साली ही निर्गत एक कोटी टनांच्या वर गेली होती. पुढे तो व्यापार बसला आणि गोद्या ओस पडल्या. १९९९ साली खाडीच्या मुखाशी बांध पुरा होऊन तेथे सुमारे २०० हेक्टरांचे गोड्या पाण्याचे सरोवर झाले, तेव्हा कोठे या भागास पुन्हा कळा आली. परंतु हे स्थळ वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटले, त्याचे कारण निराळे आहे. पंधरा वर्षांहून अधिक काळ बंद पडलेली एक गोष्ट या गावी पुन्हा सुरू झाली, हे ते कारण होय.

‘डॉक्टर हू’ ही विज्ञानकथेची मालिका बी. बी. सी. या संस्थेने २३ नोव्हेंबर १९६३ रोजी दूरचित्रवाणीवर सुरू केली. तिचा नायक परग्रहावरचा असून पोलिसांच्या एका निळ्या पेटीत बसून भूत-भविष्यांत संचार करतो. पेटी बाहेरून पाहावी तर कपाटाएवढी, आत शिरावे तर वाड्याहून मोठी! मरण दाराशी आले की या डॉक्टराचा कायाकल्प होतो, म्हणजे नवा नट त्याची जागा घेतो. पहिले नट विल्यम हार्टनेल यांची प्रकृती खालावल्यामुळे १९६६ साली ही युक्ती योजावी लागली आणि तिनेच मालिकेस दीर्घायुष्य दिले. शनिवारी सायंकाळी लहानथोरांनी एकत्र बसून ती पाहावी, असा इंग्लंडातील घरांचा परिपाठ होऊन गेला.

१९८५ साली या क्रमात पहिला मोठा खंड पडला. मालिका अठरा महिने बंद राहणार हे कळताच चाहते इतके खवळले की, त्यांच्या पुढाकाराने निषेधाचे एक गाणेही ध्वनिमुद्रित झाले. १९८६ साली मालिका परत आली खरी, पण ६ डिसेंबर १९८९ नंतर पडदा पडला तो पडलाच. १९९६ साली एक चित्रपट तेवढा येऊन गेला. मधल्या काळात गोष्ट जिवंत ठेवली ती चाहत्यांनी. कोणी नव्या कादंबऱ्या लिहिल्या, कोणी १९९९ पासून जुन्या नटांना घेऊन श्राव्य नाटके काढली. साठाच्या दशकातील पुष्कळ भागांची चित्रे संस्थेने स्वतःच पुसून टाकली होती. तरी त्या सर्व भागांचा आवाज आज ऐकावयास मिळतो, कारण कित्येक मुलांनी घरी दूरचित्रवाणीसमोर यंत्र मांडून तो टिपून ठेवला होता. मालकाने टाकलेला ठेवा भाडेकरूंनी जपावा, तशातलाच हा प्रकार!

त्या कादंबरीकारांपैकीच एक, स्वान्सी येथे जन्मलेले रसेल टी. डेव्हिस, यांच्याकडे २००३ साली मालिकेच्या पुनरुज्जीवनाचे काम आले. निर्मिती बी. बी. सी.च्या वेल्स शाखेकडे असल्यामुळे चित्रीकरण कार्डिफ येथे झाले. कथा लंडनची, पण दुकानातील पुतळे जिवंत होऊन लोकांवर धावून जातात तो प्रसंग येथील क्वीन्स आर्केडमध्ये घेतलेला आहे. २६ मार्च २००५ रोजी तो भाग सुमारे एक कोटी आठ लाख लोकांनी पाहिला.

चाहत्यांचा आनंद गगनात मावेना. तथापि तो निर्भेळ नव्हता. पूर्वी पंचवीस-पंचवीस मिनिटांच्या भागांतून आठवडेच्या आठवडे चालणारी कथा आता पाऊण तासात आटोपू लागली. डॉक्टराच्या अंगी भरजरी पोशाखाऐवजी चामड्याचे साधे जाकीट आणि तोंडी उत्तरेकडची बोली आली. ही घाई काहींस सोसेना. उलट, मालिका जिवंत राहावयाची तर ती आजच्या मुलांची झाली पाहिजे, असे दुसऱ्यांचे म्हणणे. इतक्यात ३० मार्च रोजी दोन बातम्या एकदम आल्या. मालिकेचे दुसरे वर्ष मंजूर झाले, पण नायकाचे काम करणारे क्रिस्टोफर एक्लस्टन सोडून जाणार! पंधरा वर्षे वाट पाहून घरी आलेल्या पाहुण्याने चौथ्या दिवशी वळकटी बांधावी, तशी मंडळींची अवस्था झाली.

सरोवराच्या काठी रोआल्ड डाल प्लास नावाचे लंबवर्तुळाकार मैदान आहे. गोदीचे जुने कुंड बुजवून ते केले असून कार्डिफ येथे १९१६ साली जन्मलेल्या बाललेखकाचे नाव त्यास दिले आहे. येथील उंच जलस्तंभाखाली ‘टॉर्चवुड’ या उपकथेतील गुप्त कचेरी कल्पिली आहे. २००९ च्या जुलैत त्या कथेतील इयांटो जोन्स हे पात्र मरण पावले, आणि जवळच्या मर्मेड की या धक्क्यावरील लाकडी भिंतीवर लोक फुले व चिठ्ठ्या लावू लागले. कथेत तो सहकाऱ्यांना कॉफी करून देई, म्हणून चाहत्यांनी बी. बी. सी.कडे कॉफीच्या पुड्या पाठविल्या. २०११ साली ‘टॉर्चवुड’ परत आले, पण बहुतांशी अमेरिकेत घडणारे, आणि इयांटोवाचून. भिंतीपाशी येणाऱ्यांचे समाधान त्याने कसे व्हावे?

जो कधी जन्मलाच नाही त्याच्यासाठी हा शोक, हे पाहून कोणास हसू येईल. आम्हांस ते आले नाही. १९८९ साली जो मुलगा होता तो २००५ साली बाप होऊन, आपल्या मुलास शेजारी घेऊन, तीच निळी पेटी पाहावयास बसला. पेटी तीच असली तरी आतील डॉक्टर बापाचा नव्हता, मुलाचा होता. बापाने कुरकुर केली असेल. पण मुलाच्या अंगावरून हात काढून तो उठून गेला नाही. वडीलधाऱ्यांना जपलेली वस्तू पुढल्या हाती देताना तिची नवी रीतही पत्करावी लागते, आणि जपण्याहून हे काम अवघड आहे.