डावा हात

आषाढात कपाट उघडले की आमच्या वसईकडच्या घरांत प्रथम वास भेटतो आणि वस्तू मागाहून. समुद्राची खारी ओल भिंतींत, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांत, गादीच्या कापसात मुरून बसते. आणि यंदा पावसाने मुळीच उसंत न दिल्यामुळे, वरच्या फळीवरचा पत्र्याचा डबा मी उघडला तेव्हा ओलसर कातड्याचा, जुन्या खोबरेलाचा आणि साबणाच्या वाळलेल्या फेसाचा एकवटलेला दर्प असा अंगावर आला की मी क्षणभर तसाच उभा राहिलो. वस्तऱ्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी धरली होती. पाते मात्र निष्कलंक होते. ते तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवण्याची शिस्त मला ज्यांनी लावली, त्यांच्या धोकटीलाही नेमका हाच वास असे.

माझ्या लहानपणी आगाशीच्या आमच्या वाडीत ते दर बुधवारी सकाळी येत. आम्ही मुले त्यांना काका म्हणत असू. ओटीवर पाट मांडलेला असे. आजोबा उघड्या अंगाने, खांद्यावर पंचा टाकून बसत, आणि काका समोर उकिडवे बसून धोकटी सोडत. पितळेची वाटी, पथरी, कातर, चिमटा, नराणी, तुरटीचा खडा अशी एकेक वस्तू बाहेर येई. या सामग्रीचे कौतुक त्या वयातही मला फार काळ टिकले नाही. टिकले ते वेगळेच. त्या काळात आजोबा आणि काका एकमेकांशी बोलत नव्हते. दोघांच्या वाड्यांमधील बांधावरून आणि बावखलाच्या पाण्याच्या पाळीवरून वसईच्या दिवाणी न्यायालयात दावा गुदरला होता. समन्स निघाले होते, वकीलपत्रे दाखल झाली होती, मोजणीदार साखळी टाकून गेला होता, आणि दोन्ही घरच्या बायका एकमेकींकडे पाठ करून पाणी भरीत होत्या. असे असता दर बुधवारी वादी प्रतिवादीच्या ओटीवर येई, आणि प्रतिवादी मान मागे टाकून, डोळे मिटून, आपला कंठ त्याच्या वस्तऱ्याखाली देई. शब्द एकही निघत नसे. चेहरा फिरवायचा असला की काका दोन बोटांनी हनुवटीला किंचित स्पर्श करीत आणि आजोबा तो फिरवीत. कंठमण्यापाशी पाते आले की काका हात थांबवीत. आजोबा आवंढा गिळीत. मग पाते पुढे सरके.

ते थांबणे माझ्या मनातून आजवर गेलेले नाही.

माझ्या वडिलांच्या दाढीत थांबण्याला जागाच नव्हती. १८६७ साली विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत गाडी सुरू झाली, १९३६ साली विजेच्या गाड्या विरारपर्यंत आल्या, आणि वाडीच्या पाण्यावर जगणाऱ्या या मुलखातील तरुण मंडळी हळूहळू मुंबईच्या हपिसांतील हजेरीपटावर जगू लागली. पहाटे कंदिलाच्या उजेडात, उभ्याउभ्या, आरशात नीट न पाहताच वडील दाढी उरकीत. त्यांच्या हातातील यंत्राचे पेटंट किंग कँप जिलेट या अमेरिकन गृहस्थाने १९०४ साली मिळविले होते, आणि त्या यंत्राची खरी किमया अशी की ते दुसऱ्या हाताची अपेक्षा करीत नाही. पात्याची धार दोन पट्ट्यांत अशी काही बंदिस्त केलेली असते की डावा हात त्या वेळी सदऱ्याच्या गुंड्या लावू शकतो. रेल्वेच्या वेळापत्रकाशी माझे जे वैर आहे ते या एका गोष्टीपासून सुरू होते आणि ते मिटेल असे वाटत नाही. त्याने आमच्या घरातील पुरुषांची सकाळ नेली, आणि काकांची घरेही नेली. कारण ज्या घरातील कर्ता पुरुष पहाटेच दाढी उरकून बाहेर पडतो, त्या घराला बलुत्याचे भात का घालावे हा प्रश्न लवकरच पडू लागतो. काकांच्या मुलाने त्याच गाडीने जाऊन दक्षिणेला एका स्टेशनाबाहेर खुर्च्यांचे सलून थाटले, आणि काकांची धोकटी खुंटीला लागली.

मी त्यांच्याकडे शिकायला गेलो तो या काळात. कॉलेजात होतो, दाढी राठ होती, आणि मनात ती ओटी होती. काकांनी फार विचारपूस केली नाही. समोर बसवून म्हणाले, "डावा हात शिक आधी. उजवा मागून येतो."

या वाक्याचा अर्थ हाताला कळायला पुष्कळ काळ जावा लागला. वस्तऱ्याचे काम उजव्या हातात दिसते, परंतु ते घडते डाव्या हाताने. गालावर पाते ठेवण्यापूर्वी डाव्या हाताची बोटे कानाच्या पुढची त्वचा वर ताणून धरतात. जबड्याखाली उतरताना तीच बोटे मागे, मानेकडे जातात. वरच्या ओठासाठी ओठ दातांवर ओढून घ्यावा लागतो आणि हनुवटीसाठी खालचा ओठ आत दाबावा लागतो. त्वचा ताठ झाली की केस उभे राहतात, आणि मग पात्याला स्वतःच्या वजनाखेरीज दुसरा जोर लागत नाही. पाते चेहऱ्याशी साधारण तीस अंशांचा कोन करून चालावे. कोन वाढला तर ते त्वचा खरवडते, कमी झाला तर केस ओढते. नीट चालले म्हणजे त्याचा एक बारीक, कोरडा, अखंड आवाज येतो, आणि काका डोळे मिटून तो आवाज ऐकत असत. आवाज तुटला की "कोन बघ" एवढेच म्हणत. काही महिने मला कानापासून गालापर्यंतच मुभा होती. हनुवटीची मुभा त्यानंतर मिळाली आणि गळ्याची फार उशिरा. दरम्यान बोटांची टोके चेहऱ्यावरून फिरवून कोठे केस खाली वळतात, कोठे आडवे, जबड्याखाली कोठे भोवरा आहे हे पाठ करायचे होते. कारण प्रथम सुलटा हात, पुन्हा फेस लावून आडवा, आणि त्वचेला सोसेल तरच उलटा, हा क्रम ज्याला आपल्या चेहऱ्याची मोजणी पक्की ठाऊक आहे त्यालाच साधतो.

पट्ट्याचेही तसेच. पाते पट्ट्यावर सपाट ठेवायचे, पाठ पुढे आणि धार मागे. टोकाशी पोचल्यावर धारेवर न वळता पाठीवर वळायचे आणि तसेच परत यायचे. पथरीचा प्रसंग क्वचित, पट्ट्याचा रोजचा. ओला केस पोलादाहून इतका मऊ असता पोलादाला रोज सांभाळावे का लागते, याचे कोडे मला वर्षानुवर्षे होते. २०२० साली अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिले की केस पोलादाहून सुमारे पन्नास पट मऊ असूनही धारेच्या टोकावर बारीक टवके उडवू शकतो. कापला जाताना केस वाकतो, पात्यावर तिरका ताण येतो, आणि पोलादाच्या रचनेत जेथे मुळातच विषमता असते तेथे कण सुटतो. केसागणिक धार थोडी झिजते. पट्टा तिला रोज पुन्हा रांगेत आणतो. जुने लोक सात वारांचे सात वस्तरे बाळगून एकेकाला विश्रांती देत असत.

येथे एक गोष्ट मध्येच सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या शेजारीच नालासोपाऱ्याला, ज्याला गावकरी बुरुड राजाचा कोट म्हणत आले, त्या टेकाडाखाली १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना बौद्ध स्तूपाचा गाभा सापडला. दगडी पेटीत एकात एक करंडक निघाले, सोन्याची फुले निघाली, आणि सर्वांत आतल्या करंडकात मातीच्या भांड्याचे अगदी लहान तुकडे निघाले. ते भिक्षापात्राचे असावेत असे त्यांनी मानले. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला. भिक्षूला बाळगता येतील अशा आठ वस्तूंत भिक्षापात्र येते, तसा वस्तराही येतो. तीन चीवरे, पात्र, वस्तरा, सुई, कमरबंद आणि पाणी गाळण्याचे वस्त्र, एवढाच तो संसार. सर्वस्व सोडणाऱ्यालाही वस्तरा सोडता आला नाही, हे मला सोपाऱ्याच्या वाटेवर नेहमी आठवते. आणि आठवतो तो उपाली. शाक्य राजकुमारांचा हा नापित. परंपरा सांगते की प्रव्रज्येच्या वेळी राजकुमारांनी त्याला आपल्या आधी दीक्षा द्यावी अशी विनंती केली, म्हणजे ज्येष्ठ म्हणून त्याला वंदन करावे लागेल आणि आपला कुलाभिमान गळेल. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत सगळा विनय त्याने म्हणून दाखविला. ज्याच्या हातात रोज दुसऱ्याचा कंठ असतो, त्याला नियमांचे मोल इतरांहून अधिक कळले असेल, यात मला नवल वाटत नाही.

एकदा मी धीर करून काकांना त्या बुधवारांविषयी विचारले. दावा तोवर तडजोडीने मिटून जुना झाला होता. ते पथरीवर पाणी टाकीत होते, ते टाकीतच म्हणाले, "कज्जा कचेरीत. ओटीवर फक्त दाढी." थोड्या वेळाने, मी न विचारताच, त्यांनी आपल्या वडिलांची गोष्ट सांगितली. माझी पणजी तरुणपणी विधवा झाली होती, आणि तिच्या केशवपनासाठी काकांच्या वडिलांना आमच्या परसात बोलावले जाई. त्या दिवशी ते घरी येऊन जेवत नसत. बोलावणे नाकारले तर बलुते जाते आणि वाडीही जाते, हे त्यांना ठाऊक होते. पणजीला मी पाहिलेले नाही. आलवणातील तिचे एक छायाचित्र घरात होते, तेही पुढे कोणीतरी काढून टाकले.

१८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी सभा भरवून ठराव केला की आपण यापुढे विधवांचे केस काढणार नाही. पांढरपेशा सुधारकांच्या घरांतूनही ज्या रूढीचे पाऊल निघत नव्हते, तिला हत्यार पुरविणाऱ्यांनीच हत्यार खाली ठेवले. आमच्या इतिहासाच्या पुस्तकांत वसईच्या तहाला पाने मिळतात आणि या ठरावाला एखादी ओळही कष्टाने मिळते, याचा मला मनापासून राग आहे. केव्हा पाते थांबवायचे हे समजणे हाच या विद्येचा कळस आहे, आणि एका संबंध जमातीने तो जाहीरपणे गाठला होता.

आता सलूनमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे अर्धे ब्लेड लावतात, आणि ते योग्यच आहे. एकाचे रक्त दुसऱ्याला लागून कावीळ आणि एचआयव्हीसारखे रोग पसरण्याचे भय खरे आहे. जुना वस्तरा एकट्याने, एकट्याच्याच चेहऱ्यावर वापरण्याची वस्तू झाली. काकांनी अखेरीस आपला मला दिला. शेफील्डचा शिक्का पथरीवर झिजून अर्धा उरला आहे आणि पाते मूळच्या रुंदीहून खूपच अरुंद झाले आहे. प्रतिवादीच्या नातवाला देताना त्यांनी काही भाषण केले नाही.

वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा हे सारे शिक्षण कशासाठी होते ते मला कळले. आमच्या दोघांतही काही जुने कज्जे होते, तडजोडीवाचून राहिलेले. त्यांना रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यामुळे वस्तरा मी बाजूला ठेवला आणि त्यांचेच जुने यंत्र घेतले. परंतु हात वस्तऱ्याने घडविलेला होता. डाव्या हाताची बोटे त्यांच्या कानापुढे टेकली, निर्जीव झालेल्या बाजूचा गाल अलगद ताणला गेला, आणि ज्या माणसाने आयुष्यभर गाडीसाठी उभ्याने दाढी केली त्याला मी पहिल्यांदा निवांत पाहिले. त्यांना गिळायला वेळ लागे. मी थांबत असे. बोलण्यासारखे पुष्कळ होते, पण त्या वेळात ते बोलावेसे आम्हा दोघांनाही वाटले नाही.

म्हणून वाचकांना माझी एक विनंती आहे. घरात कोणी अंथरुणाला खिळलेले असेल, वडील असतील, काका असतील, मोठा भाऊ असेल, आणि त्याची दाढी करण्यासाठी माणूस ठेवलेला असेल, तर आठवड्यातून एकदा तरी ते काम आपण स्वतः करावे. औषधांविषयी डॉक्टरांना आधी विचारावे, वस्तऱ्याचा हट्ट धरू नये, साधे यंत्र पुरते. गरम पाण्यात पिळलेले फडके गालावर थोडा वेळ ठेवावे म्हणजे केस मऊ होतात. फेस भरपूर घ्यावा. त्वचा डाव्या हाताने ताणावी, उजव्याने जोर देऊ नये, आणि तो आवंढा गिळू लागला की हात थांबवावा. तुमच्या दोघांत काही कज्जा चालू असेल तरीही करावे. किंबहुना, असेल तर अवश्य करावे.