कांद्याची सालं आणि आईची लोकर

रविवारी सकाळी ती नालासोपारा पूर्वेहून आमच्या गासच्या घरी आली, तेव्हा तिच्या हातात दोन पिशव्या होत्या. एकीत कांद्याची सालं, बिल्डिंगखालच्या भुर्जीवाल्याकडून आठवडाभर मागून जमवलेली. दुसरीत पांढऱ्या लोकरीच्या चार लडी. तिच्या आईने स्वेटरसाठी आणलेल्या. खालची पट्टी तेवढी विणून झाली होती. गेल्या पावसाळ्यात आई गेली.

"पांढरं बघवत नाही मला," ती म्हणाली. "रंगवूया."

होळी सोडली तर दोघींनी आयुष्यात काही रंगवलं नव्हतं. मी दोन दिवस वाचून तयारी केली होती आणि चाचणीसाठी मेंढीच्या लोकरीची 100 ग्रॅमची एक लडी मागवली होती. उन्हाळ्यात आमच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं, आणि पाण्यातल्या क्षारांनी रंग बदलतो, म्हणून आम्ही प्यायच्या पाण्याचे दोन हंडे घेतले. आईने कपाळाला हात लावला.

आधी तुरटी. 100 ग्रॅम लोकरीला 10 ग्रॅम, गरम पाण्यात विरघळवून. त्यात भिजवलेली लडी तासभर मंद आचेवर. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचं भांडं नको, रंग बदलतो, म्हणून जुनं स्टीलचं पातेलं. खळखळ उकळी नको, ढवळाढवळ नको, नाहीतर लोकर आटून तिचा नमदा होतो. दुसऱ्या पातेल्यात सालं उकळत होती. आजी दारात येऊन म्हणाली, "एवढा कांदा, आणि मासळी कुठाय?"

वाट बघताना मी तिला विल्यम पर्किनची गोष्ट सांगितली. 1856 साली लंडनमध्ये हा 18 वर्षांचा मुलगा ईस्टरच्या सुट्टीत घरी क्विनीन बनवायला गेला आणि जांभळा रंग बनवून बसला. पुढचे प्रयोग त्याने भाऊ आणि आर्थर चर्च नावाच्या मित्राबरोबर बागेतल्या खोपटात केले. जगातला पहिला यशस्वी कृत्रिम रंग असा घरगुती.

"त्यांच्याकडे आईची लोकर नव्हती," ती म्हणाली.

चाचणीची लडी बाहेर आली ती पिकल्या केळ्याच्या सालीसारखी सोनेरी. धुतली तरी रंग हलला नाही. आम्ही दोघी ओरडलोच. मग आईच्या चारही लडींना तशीच तुरटी दिली आणि त्या पातेल्यात सोडल्या. तासाने काढल्या तेव्हा पिवळ्या दिसत होत्या. पहिल्या पाण्यात फिक्या झाल्या. तिसऱ्या पाण्यात पुन्हा पांढऱ्या.

ती काही बोलली नाही. मला वाटलं, मी सगळं बिघडवलं.

मग आठवलं, जाळून बघायचं. बोटभर धागा कापून काडी लावली. मेंढीची लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि तिची राख चुरगळते. हा धागा वितळला आणि टोकाला काळा कडक मणी झाला. ॲक्रिलिक. लोकर म्हणजे केस, प्रथिन. तुरटीतलं ॲल्युमिनियम एका हाताने ते धरतं, दुसऱ्या हाताने रंग. ॲक्रिलिक हे पेट्रोलियमपासून केलेलं प्लास्टिक, तिथे तुरटीला धरायला जागाच नाही.

तिने तो मणी बोटांत फिरवला. "स्वस्त मिळाली असेल," ती म्हणाली, आणि हसता हसता रडायला लागली. "दुकानदाराने लोकर सांगितली असेल, हिने घासाघीस करून घेतली असेल. आणि घरी येऊन मला म्हणाली असेल, बघ कशी मऊ आहे."

मी तिच्या शेजारी ओट्यावर बसून राहिले. पातेल्यातलं पाणी केळीच्या आळ्यात ओतलं. पाच लडी दोरीवर वाळत होत्या, चार पांढऱ्या, एक सोनेरी.

संध्याकाळी निघताना तिने पाचही पिशवीत भरल्या. गेल्या आठवड्यात तिने फोटो पाठवला. आईच्या पट्टीच्या वर पांढरी ओळ, मग सोनेरी, मग पुन्हा पांढरी. खाली लिहिलं होतं, "सोनेरी कमी पडणार. पुढच्या रविवारी सालं घेऊन येते. आजीला सांग, या वेळी मासळी पण आणते."