दिवाळीनंतरची हजेरी

चिंचपाडा हे नाव वाचकांपैकी फार थोड्यांनी ऐकले असेल. ज्यांनी ऐकले असेल त्यांनीही ते बहुधा आगगाडीच्या खिडकीतून, पिवळ्या पाटीवर, ओझरते वाचले असेल. भुसावळहून सुरतेकडे जाताना नंदुरबार मागे पडले की डोंगर जवळ येऊ लागतात, सागाची झाडे दिसू लागतात आणि नवापूरच्या अलीकडे हे स्टेशन लागते. कोणी मला 'तुम्ही मूळचे कुठले?' असे विचारले म्हणजे मी चिंचपाड्याचे नाव सांगतो, आणि विचारणाराची मुद्रा कोरीच राहते. मग मी घाईने 'नंदुरबार जिल्हा' असे जोडतो. माझ्या लहानपणी तेही सांगता येत नसे. तेव्हा आमचा जिल्हा धुळे होता. नंदुरबारचा वेगळा जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी.

आम्ही खरे अमळनेरकडचे. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणत असू, रेल्वेत सांधेवाले होते. १९८५ साली त्यांची बदली चिंचपाड्याला झाली, तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. तापीच्या खोऱ्यातली ही रेल्वे विसाव्या शतकाच्या तोंडावर एका खाजगी कंपनीने बांधली, आणि आमच्या लहानपणीही तिचा रूळ एकेरीच होता. एकेरी रुळावर समोरासमोरून दोन गाड्या येऊ नयेत म्हणून जी युक्ती असे, तिच्याइतके नवल मला पुढे कोणत्याही पुस्तकात सापडले नाही. शेजारशेजारच्या दोन स्टेशनांवर मास्तरांच्या खोलीत एकेक लोखंडी यंत्र असे. अलीकडच्या मास्तरांनी घंटेच्या ठोक्यांनी पलीकडच्यांना विचारायचे. त्यांनी होकार दिला की यंत्राच्या पोटातून एक पोलादी गोळा बाहेर पडे. तो चामड्याच्या पिशवीत घालायचा. पिशवीला एक भले मोठे कडे लावलेले असे. गाडी थांबणारी नसली तर आबा फलाटाच्या कडेला ते कडे उंच धरून उभे राहत, आणि इंजिनातला माणूस हात बाहेर काढून धावत्या गाडीतून ते कोपरात अडकवून घेई. त्याच वेळी मागल्या टप्प्याचे कडे तो फलाटावर भिरकावून देई. ते आणायला मी धावे. एक गोळा बाहेर असेपर्यंत दोन्ही यंत्रांतून दुसरा निघत नसे. गोळा हातात नाही तर गाडीने जागचे हलायचे नाही, मग आत कोणीही मोठा साहेब बसलेला असो.

'हाई जबान शे, पोऱ्या,' आबा मला म्हणत. 'एकदा दिधी की दिधी.'

संध्याकाळ झाली की आबा रॉकेलचे दिवे भरून, काचा पुसून, सिग्नलच्या खांबांवर चढवायला निघत. तांबडा आणि हिरवा असे दोन ठिपके अंधारात लागले की आई म्हणे, 'आपल्या घरी बारा महिने दिवाळी.' त्यात थोडी थट्टा होती आणि थोडा अभिमानही होता.

चिंचपाड्यात राहायचे म्हणजे तोंडात चार भाषा ठेवाव्या लागत. घरी आमची अहिराणी. वाण्याच्या दुकानात गुजराती. शाळेत पुस्तकातले मराठी, जे गुरुजी सोडून गावात कोणीच बोलत नसे. आणि नदीवर, रानात, मोहाच्या झाडाखाली मावची. मावची मी ज्याच्याकडून शिकलो त्याचे नाव इथे लिहीत नाही. तो माझ्या बाकावर बसे. रान म्हणजे त्याचे घरच होते. दगडाखालचा खेकडा नांगीच्या मागून कसा धरावा, फुले टपटपत असतील तेव्हा पहाटे मोहाखाली किती लवकर पोचावे, कोणते मूळ उकडून खावे आणि कोणत्याला हातही लावू नये, हे सारे त्याला येई. वर्गात मात्र त्याचे तोंड उघडत नसे. गुरुजींना वाटे, पोर मंद आहे. मला ठाऊक होते की प्रश्नच त्याला परका आहे. मग मी हलकेच मावचीत प्रश्न सांगे, तो मावचीत उत्तर दे आणि मी ते मराठीत गुरुजींना सांगे. उत्तर बहुधा बरोबर असे. आयुष्यात मी पुष्कळ लिहिले, पण तसे उपयोगी भाषांतर पुन्हा हातून झाले नाही.

सणांची तर चंगळ होती. मिशनचा दवाखाना गावात असल्यामुळे नाताळात कागदी चांदण्या लागत आणि मध्यरात्री गाणाऱ्यांची टोळी कंदील घेऊन दारोदार फिरे. आई त्यांना राहिलेले शेव-चिवडा देई. होळीला रात्रभर ढोल. दिवाळी मात्र वेगळी. दिवाळी जवळ आली की माझ्या पोटात गोळा उठे, आणि त्याचे कारण पुण्यामुंबईच्या वाचकांना सांगितल्याशिवाय कळायचे नाही.

पावसाळ्यात आमच्या भागातल्या घरांतून दाणे संपतात. नेमका त्याच सुमारास मुकादम येतो. तो हसतमुख असतो, मुलांच्या हातावर गोळ्याबिस्किटे ठेवतो आणि घरधन्याला उचल देतो. ती उचल फेडायची बारडोली, मढी, चलथाण या बाजूच्या साखर कारखान्यांसाठी ऊस तोडून. दिवाळी झाली की माणसे निघतात ती उन्हाळ्यात परततात. कामाचा हिशेब माणशी नसतो. नवरा आणि बायको मिळून एक 'कोयता'. त्याने तोडायचे, तिने पाचट काढून मोळ्या बांधायच्या, मोजणी टनावर. मूल मोळ्या उचलण्याजोगे झाले की तेही त्याच कोयत्यात जमा. वेगळा दाम नाही.

भाऊबीज उलटली की आमच्या स्टेशनावर आणि सुरतेच्या रस्त्यावर ही कुटुंबे दिसू लागत. डेगची, गोधड्या, टोपलीत कोंबड्या, एखादी शेळी, गोणपाटात गुंडाळलेला कोयता. सुटी संपून शाळा उघडली की पहिल्या दिवशी हजेरी होई. एक नाव, दोन नावे, आणि मग नुसतीच शांतता. गुरुजी तांबड्या शाईने 'गै' लिहीत जात. निम्मा वर्ग रिकामा. बाकावर मी एकटा. तिसरीत तो गेला आणि परीक्षेआधी आला. चौथीतही तसेच. पाचवीत तो होळीला आला. अंगाने वाढलेला, तळहातांना घट्टे पडलेले. शाळेत आला नाही.

आठवीपासून मी गाडीने नवापूरच्या शाळेत जाऊ लागलो. नवापूरचे स्टेशन हा एक चमत्कारच आहे. १ मे १९६० रोजी दोन राज्ये झाली, तेव्हा सीमारेषा नेमकी या स्टेशनातून गेली. एकच फलाट; थोडा महाराष्ट्रात, थोडा गुजरातेत. तिकिटाची खिडकी एका राज्यात, मास्तर दुसऱ्यात. आम्ही पोरे बाकाच्या दोन टोकांना बसून 'काय म्हणतो तुमचा महाराष्ट्र?' असे एकमेकांना विचारीत असू. गुजरातेत दारूबंदी, इकडे नाही. त्यामुळे फलाटावर चार पावले टाकली की तोच माणूस निर्दोषाचा गुन्हेगार होई. (२००६ च्या फेब्रुवारीत कोंबड्यांच्या साथीमुळे नवापूरचे नाव देशभर झाले. मला मात्र हे गाव या बाकामुळेच आवडते.)

सप्टेंबर १९९४. मी नववीत होतो. सुरतेत प्लेग आल्याची बातमी पसरली आणि दुसऱ्या दिवसापासून सुरतेकडून येणाऱ्या गाड्या ओळखू येईनात. दारांना माणसे लोंबकळत होती, टपावर बसली होती, साऱ्यांच्या तोंडांना रुमाल नाहीतर टॉवेल बांधलेले. शहर सोडून लक्षावधी माणसे निघाली होती, आणि सुरतेच्या मागावर राबणारी निम्मीअधिक आमच्या खानदेशातली वाटावीत इतकी ती या मार्गाने आली. माझे मामा लिंबायतला राहत. तेही मामी आणि दोन लेकरांसह उतरले. आईने त्यांना दाराबाहेरच उभे केले, कपडे चुलीवर उकळत घातले, अंगणातच गरम पाण्याने न्हाऊ घातले, आणि मग मामांना पोटाशी धरून रडली. त्या दिवसापासून आमच्या चाळीकडे कोणी फिरकेना. दूधवाला दूध ठेवून लांबूनच हाक मारी.

लाकडे संपली. चार जणांचे कपडे रोज उकळायला जळण लागते, आणि आबांची पाळी रात्रीची. तेव्हा एका सकाळी अंगणाच्या टोकाला लाकडांची मोळी दिसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक. तिसऱ्या दिवशी मी पाळत ठेवून उठलो, तो मोळी टाकून माझा बाकावरचा सोबती परत चालला होता. मी हाक मारली. तो थांबला, पण जवळ आला नाही. आईने त्याला येऊ नको म्हणून खुणेने सांगितले होते. आम्ही तसेच अंतरावरून बोललो.

मी म्हणालो, 'यंदा तर तुम्ही जाणार नाही ना तिकडे?'

'जाऊ की.'

'अरे, प्लेग आहे.'

'बाने उचल घेतली आहे,' तो म्हणाला.

आबा ड्यूटीवरून येऊन ओट्यावर बूट काढीत होते. त्यांनी ते ऐकले. माझ्याकडे पाहिले, आणि काही न बोलता दुसरा बूट काढला.

साथ लवकरच ओसरली. दिवाळी ३ नोव्हेंबरला होती. मामा दिवाळी करून त्याच गाडीने परत गेले, कारण माग सुरू झाले होते. आणि भाऊबीजेनंतर तोही गेला. पुढल्या वर्षी त्याचे लग्न झाले. सोळाव्या वर्षी लग्न कशाला, असे आईने विचारले तेव्हा त्याची माय साधेपणाने म्हणाली की, कोयत्याला जोडी लागते.

सुरतेने पुढे आपला चेहरामोहरा बदलला, स्वच्छ शहर म्हणून नाव मिळवले. आमचा मार्ग दुहेरी झाला. गोळा गेला, कडे गेले, रॉकेलचे दिवेही गेले. आबा निवृत्त होऊन अमळनेरला राहतात आणि टीव्हीवर गाडीचे दृश्य आले की सिग्नल आधी पाहतात. मी शिक्षक झालो, आणि हजेरीचे पुस्तक आता माझ्या हातात आहे. हंगामी वसतिगृहाची योजना सरकारने काढली. जिथे ती नीट चालते तिथे मुले राहतात, हे मी पाहिले आहे. ज्या घरी आजी-आजोबा धडधाकट असतात तिथेही राहतात. पण मुकादम अजून पावसाळ्यातच येतो.

माझ्या सोबत्याने कोयता सोडला. गुडघे गेले. आता त्याचा मुलगा आणि सून जातात, आणि नात त्याच्यापाशी राहून माझ्या वर्गात, तिसरीत, शिकते. पोर मावचीतच उत्तर देते आणि मी तिला तसेच देऊ देतो. मराठी मागून येते. यंदा सुनेला तान्हे मूल आहे. पडावावर ते सांभाळायला कोणी हवे, म्हणून मुकादमाने म्हाताऱ्यालाही चला म्हटले आहे. तो गेला तर नातही जाणार. परवा तो शाळेच्या पायरीवर बसला होता. मी विचारले, 'काय ठरले?' तो म्हणाला, 'पोराने उचल तर घेतली. माझे अजून ठरले नाही.'

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा सुटी लागलेली असेल. हजेरीपत्रकात तिचा नंबर सत्तावीस आहे.